मदत हवी आहे: २२ दिवस झाले, एकही अंडं फुटलं नाही!

भांडुपचा_बाळ्या
लवकर सांगा प्लीज. इन्क्युबेटरमध्ये १२ अंडी ठेवलीत, आज बाविसावा दिवस. २१ दिवसांत पिल्लं येतात ना? काल सुट्टी टाकून दिवसभर पेटीसमोर बसलो, एकालाही टोच नाही. टेंपरेचर बरोबर आहे. मुलगी दर दहा मिनिटांनी "बाबा, कधी?" आणि आई म्हणते फेकून दे, घरात घाण सुटेल. फेकू का?

कोंबडीवाली_काकू
अंडी कुठली? दुकानातली असतील तर २२ काय, २२० दिवस ठेवा. लेयर फार्मवर, म्हणजे नुसत्या अंड्यांसाठीच्या फार्मवर, कोंबडाच नसतो.

भांडुपचा_बाळ्या
गावठी आहेत, चिपळूणजवळच्या आमच्या गावची. कोंबडा आहे, चांगला तगडा. रात्रीच्या एसटीने मांडीवर घेऊन आलो आणि उतरल्या उतरल्या पेटीत.

कोंबडीवाली_काकू
अरे देवा. टोकदार बाजू खाली करून एक दिवस शांत ठेवायची होती. घाटात काय कमी धक्के बसतात?

जुगाडू_इंजिनिअर
"टेंपरेचर बरोबर" म्हणजे किती? फॅन आहे? सेन्सर कुठे? डॉक्टरला फोन करून "दुखतंय" एवढंच सांगायचं आणि ठेवून द्यायचा, तसं चाललंय तुमचं.

भांडुपचा_बाळ्या
मासळीचा थर्माकोलचा खोका, ४० वॅटचे दोन बल्ब (पिवळे, एलईडी नाही), डब्ल्यू१२०९ टेंपरेचर कंट्रोलर ३७.५ ला. सेन्सर झाकणाला आतून चिकटवलाय. फॅन नाही, व्हिडिओवाल्याकडेही नव्हता.

जुगाडू_इंजिनिअर
सापडलं! ३७.५ हा फॅनवाल्या पेटीचा आकडा. बिनफॅनच्या पेटीत गरम हवा वर साचते. झाकणापाशी ३७.५ असेल तर खाली अंड्यांना त्याहून कमीच मिळणार. बिनफॅनला अंड्यांच्या वरच्या अंगाला मोजून ३८.५ च्या आसपास हवं. ऊब कमी पडली की पिल्लं उशिरा येतात. कॉम्प्युटरचा जुना फॅन बसवून टाका.

कोंबडीवाली_काकू
ऐन बाळंतपणात भिंत फोडायला सांगताय! अठराव्या दिवसानंतर झाकण उघडायचं नाही, अंडी फिरवायची नाहीत, ओलावा ६५-७० टक्के. बाळ्या, पाण्याची वाटी आहे ना आत? आणि पहिला दिवस कुठला धरलास?

जुगाडू_इंजिनिअर
पुढच्या खेपेसाठी सांगितलं हो.

भांडुपचा_बाळ्या
वाटी आहे. रात्री ११ ला ठेवली, तोच पहिला दिवस.

कोंबडीवाली_काकू
मग आज एकविसावाच की! २४ तास भरले की एक मोजायचा. गप बस दोन दिवस.

मुलुंडकर_पूर्व
कोमट पाण्यात सोडून बघा, अंडं हललं तर जिवंत. आणि लांबट असेल तर कोंबडा, गोल असेल तर कोंबडी.

कोंबडीवाली_काकू
आकारावरून काही कळत नाही. आणि पाण्यात मुळीच नको, बारीक टोच पडलेली असली तर पिल्लू आत बुडून मरेल. फारच जीव राहवत नसेल तर अंधारात टॉर्च लाव. रुंद टोकाला हवेची पोकळी आणि बाकी काळंभोर, तर पिल्लू आहे. आरपार पिवळं दिसलं तर फोल.

जुगाडू_इंजिनिअर
झाकण उघडायचं नाही म्हणालात ना मघाशी?

कोंबडीवाली_काकू
फेकून देण्यापेक्षा बरं.

कोकणी_माणूस
एवढे उपद्व्याप कशाला? गावी नेऊन खुडूक कोंबडीखाली सरकवा.

भांडुपचा_बाळ्या
परत एसटीने??

लालबागचा_खवय्या
डझनभर गावठी अंडी आणि उबवायला ठेवली! आमच्याकडे पहिल्याच दिवशी रस्सा झाला असता.

भांडुपचा_बाळ्या
टॉर्चवर ७ काळी, ३ आरपार, २ कळत नाहीत. आणि एकातून चिवचिव ऐकू येतेय!!! टवकाही उडालाय. पण तास झाला, बाहेर येत नाही. चिमट्याने कवच सोलू का?

कोंबडीवाली_काकू
हात लावू नकोस! टोच पडल्यावर १२ ते २४ तास सहज जातात. तेवढ्यात ते बलक पोटात ओढून घेतं, शिरांतलं रक्तही आत जातं. आत्ता सोललंस तर रक्तस्राव होईल. बाहेर आल्यावरही लगेच दाणा नको, त्या बलकावर दोन दिवस निघतात. झाकण लाव आधी.

भांडुपचा_बाळ्या
लावलं. मुलगी शाळेत जायला तयार नाही.

मुलुंडकर_पूर्व
चार-पाच महिन्यांनी आरवायला लागले की सोसायटीला काय सांगणार? आम्हाला नुसत्या कुत्र्यावरून नोटीस आली होती.

भांडुपचा_बाळ्या
पहाटे किती वाजता आरवतात साधारण?

लालबागचा_खवय्या
रस्सा झाल्यावर नाही आरवत.