तेराव्याच्या आत आईची सही कशाला हवी?

भुसारगल्ली:
काल 'गादीवाला' यांनी जे लिहिलं त्याला चार ओळींत उत्तर देता येणार नाही, म्हणून वेगळा धागा काढतेय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: व्यापाऱ्याच्या घरात बाप गेला की तेराव्याच्या आत आई आणि बहिणींनी हक्कसोडपत्रावर सह्या करून मोकळं व्हावं. बहिणींची लग्नं झाली, सोनं मिळालं. आईला मुलगा सांभाळतोच. वाटण्या झाल्या की पेढी बुडते.

बहिणींचं मागाहून बोलू. आधी आईचं बोलते, कारण अख्ख्या पोस्टमध्ये आई फक्त 'सांभाळण्यापुरती' आहे.

माझ्या मावशीच्या घरी हेच झालं. भुसार मालाचं दुकान. काका गल्ल्यावर बसायचे आणि मागच्या खोलीत मावशी मिरच्यांची देठं खुडायची, धने पाखडायची, हळदीच्या पुड्या बांधायची. रात्री उधारीची वही तीच काकांना वाचून दाखवायची, कारण काकांना बारीक अक्षर दिसत नसे. काका गेले. दहावा झाला आणि दुसऱ्या दिवशी मुलगा टाइप केलेला कागद घेऊन आला. 'मी राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय...' चष्मा देवघरातल्या फळीवर होता, तो आणून द्यायचंही कोणाला सुचलं नाही. मावशीने न वाचता सही केली. पुढे मुलाने वखार विकली. आज मावशी औषधाच्या पैशांसाठी सुनेच्या तोंडाकडे बघते.

व्यापारी मृत्युपत्र न करता गेला आणि मालमत्ता त्याने स्वतः कमावलेली असली तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्याने बायको, मुलगे, मुली सगळ्यांना सारखा वाटा. गेलेल्याची आई हयात असेल तर तिलाही तेवढाच, आजीला तर सगळेच विसरतात. माझं म्हणणं एवढंच की आधी आईचा वाटा तिच्या नावावर चढू दे. मग भावंडांनी काय भांडायचं ते भांडा.

गादीवाला:
ताई, तुमच्या मावशीबद्दल वाईट वाटलं, पण एका नालायक मुलावरून सगळ्यांना झोडपू नका. मी दहावीनंतर गादीवर बसलो. बरोबरीची पोरं कॉलेजात मजा करत होती तेव्हा मी पहाटे मार्केट यार्डात सौद्याला उभा असायचो. पगार कधी घेतला नाही. वडील म्हणायचे, "सगळं तुझंच आहे." बहिणी दिवाळीला यायच्या, चार दिवस राहून जायच्या. आता म्हणे सारखा वाटा!

आणि पेढी कशी बुडते ते मी डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या शेजारच्या आडत दुकानात जावयाने दावा लावला. कोर्टाने स्थगिती दिली. माल हलवता येईना, बँकेने कॅश क्रेडिट थांबवलं, शेतकरी दुसऱ्या आडत्याकडे गेले. निकाल लागेपर्यंत दुकानात उंदीर उरले होते.

आणि वडिलांच्या बँक खात्यांना नॉमिनी मी आहे, हेही सांगून ठेवतो.

कोर्टाचीपायरी:
नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. विम्याबाबत सुप्रीम कोर्टाने हे 1983 मध्ये सरबती देवीच्या निकालात सांगितलं होतं; विम्यापुरता कायदा 2015 मध्ये बदलला, बँक खात्यांचा नाही. कंपन्यांच्या शेअरबद्दल शंका होती, ती डिसेंबर 2023 मध्ये शक्ती येझदानी विरुद्ध जयानंद साळगावकर या निकालाने मिटली. नॉमिनीने पैसे ताब्यात घ्यायचे आणि वारसांना द्यायचे.

दुसरं, ताईंनी स्वकष्टार्जित मालमत्तेचं लिहिलं. वडिलोपार्जित पेढीचा हिशेब वेगळा. 1978 चा गुरुपाद मगदूम विरुद्ध हिराबाई मगदूम हा निकाल बघा. खंडाप्पा मगदूम 1960 मध्ये वारले. मागे बायको, दोन मुलगे, तीन मुली. कोर्टाने आधी मानलं की ते जिवंत असताना वाटणी झाली असती तर नवरा, बायको, दोन मुलगे यांना प्रत्येकी पाव मिळाला असता. मग खंडाप्पांचा पाव सहा वारसांत वाटला. हिराबाईंना 24 पैकी 7 हिस्से. मुलग्यांनाही सात-सात. मुलींना एकेक.

भुसारगल्ली:
हेच तर म्हणतेय! कोर्टानेच आईला आधी तिचा पाव दिला आणि नंतर वारस म्हणून आणखी.

कोर्टाचीपायरी:
थांबा, पुढचं तुम्हाला आवडणार नाही. 2005 च्या दुरुस्तीने मुलगीही जन्मापासून सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मालमत्तेत मुलग्यासारखीच हिस्सेदार झाली, आणि बाप 2005 ला हयात असायलाच हवा असं नाही हे ऑगस्ट 2020 मध्ये विनीता शर्मा निकालाने पक्कं केलं. आता त्याच कुटुंबाचा हिशेब करा. मानीव वाटणीत सात जण, प्रत्येकी एक सप्तमांश. बापाचा सप्तमांश सहा जणांत. प्रत्येकाच्या हाती बरोबर एक षष्ठांश. म्हणजे आई 24 पैकी 7 वरून 4 वर आली. मुलींना न्याय मिळाला हे योग्यच झालं, पण तो फक्त भावांच्या खिशातून गेला नाही, आईच्याही गेला. यावर कोणीच बोलत नाही.

दोनघरची:
मी मुलगी आहे आणि मी हिस्सा घेतला नाही. स्वखुशीने, दादाने मागायच्या आधी. आजही माहेरी गेले की वहिनी माझ्यासाठी बेसनाचे लाडू करून ठेवते. तुमच्या षष्ठांशात ते बसतं का? प्रत्येक हक्कसोडामागे जबरदस्तीच असते हे तुम्ही कशावरून ठरवलंत?

भुसारगल्ली:
तुम्ही दिलंत तर द्या, कोण अडवतंय? पण तुम्ही पोटापाण्याला लागलेल्या, नवऱ्याच्या घरात बसून दिलंत. आईने कुठे बसून द्यायचं? तिचं दुसरं घर कुठलं?

रविवारपेठ:
सगळे वाटण्या करायला बसलात, पण दुकान मालकीचं आहे का पागडीचं, म्हणजे मालकाला एकरकमी पैसे मोजून भाड्याने घेतलेलं, ते कोणी विचारलंय? आमच्या पेठेतली निम्मी दुकानं पागडीची. तिथे वारसाहक्काचा कायदा बाजूला राहतो. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे भाडेकरू वारला तेव्हा घरचं जे माणूस त्याच्याबरोबर त्या जागेत धंदा करत होतं, भाडेहक्क त्याच्याकडे जातो. म्हणजे गादीवर बसणाऱ्या मुलाकडे. बहीण नाशिकला, आई घरात. विषय संपला.

वाडामालकीण:
विषय संपला कसा? मालकाला विचारलं का कुणी? तुम्ही भावंडं जी जागा वाटून घ्यायला निघालात ती आमच्या सासऱ्यांची आहे! खाली तीन दुकानं. महिन्याचं भाडं एवढं की त्यात आमचं लाईट बिल निघत नाही. भाडेवाढ कायद्याने वर्षाला 4 टक्के. छप्पर गळलं की दुरुस्ती आमच्या डोक्यावर. आणि दुकानदार बाप गेला की पोरगा येऊन सांगतो, "काकू, पावती आता माझ्या नावाने करा." सुतकात असतानाच सांगतो.

रविवारपेठ:
पावती फुकट नव्हती मिळाली. माझ्या आजोबांनी त्या काळात पागडी मोजली होती. त्या पैशात तुमच्या सासऱ्यांनी वाड्याचा मागचा भाग बांधला हे अख्ख्या आळीला माहीत आहे.

वाडामालकीण:
तुम्ही आमच्या आळीतले आहात का? नाही ना? मग माझ्या सासऱ्यांचं नाव घ्यायचं काम नाही. पागडी एकदा दिली आणि पिढ्यान्‌पिढ्या बसलात. पोटभाडेकरू ठेवून आमच्या भाड्याच्या कितीतरी पट कमावता. तीच जागा विकायला काढलीत की मालकाला त्याचा हिस्सा देताना हात आखडतो.

रविवारपेठ:
हिस्सा द्यायचा रिवाज आहे आणि आम्ही पाळतो. 1999 च्या कायद्याने पागडी घेणं-देणं कायदेशीर केलं, चोरी नाही ती. विकासकाला वाडा द्यायचा झाला की मात्र तुम्हाला भाडेकरूची आठवण होते.

कोर्टाचीपायरी:
दोघांनाही विनंती, पागडीचा धागा वेगळा काढा. मूळ मुद्द्यापुरतं सांगतो. रविवारपेठ जे म्हणतात ते जागेपुरतं बरोबर आहे. पण दुकान म्हणजे नुसती जागा नाही. माल, उधारी, बँकेतली शिल्लक, पेढीचं नाव, हे सगळं गेलेल्या माणसाचं. ते पावतीबरोबर मुलाकडे जात नाही.

वाडामालकीण:
वेगळा धागा काढला की तिथे कोणी फिरकत नाही. इथे चाळीस वर्षं कुजतोय तो वाडा कोणाला दिसत नाही, सगळ्यांना आईचा चष्मा दिसतो.

भुसारगल्ली:
काकू, तुमचं दुःख खरं आहे. पण माझ्या मावशीच्या चष्म्याला मध्ये आणू नका.

म्हापशेकार:
तुमची भांडणं वाचून आश्चर्य वाटलं. आमच्या गोव्यात हा प्रश्नच असा येत नाही. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक. नवरा गेला की अर्धी बायकोची. वारसा म्हणून नाही, ती आधीपासूनच तिची. उरलेली अर्धी मुलांत, मुलगा-मुलगी सारखी. आणि बापाने मृत्युपत्र केलं तरी मुलांना पूर्ण डावलता येत नाही. त्याच्या वाट्यातला अर्धा भाग मुलांसाठी राखीवच. माझे वडील बाजारात कापडाचे व्यापारी होते. ते गेल्यावर इन्व्हेंटरी झाली: कोर्टात यादी, ठाणाच्या ठाण मोजून. दुकान कोणी घ्यायचं यावर आम्ही भावंडांनी आपसात बोली लावली. मी जिंकलो आणि बाकीच्यांना पैसे चुकते केले. दुकान एक दिवस बंद राहिलं नाही.

गादीवाला:
गोव्याचं कौतुक गोव्यात ठेवा. आमच्याकडे पोर्तुगीज नव्हते. आणि अर्धी मालमत्ता बायकोची, तर दुकानासाठी कर्ज काढायलाही तिची सही लागत असेल. धंदा असा होत नाही.

म्हापशेकार:
जागा विकायला, गहाण टाकायला लागते तिची सही. आईने कधी अडवलं नाही. उलट दोन वेळा वडिलांना खड्ड्यात पडण्यापासून वाचवलं.

दोनघरची:
बोली लावायला पैसे ज्याच्याकडे, दुकान त्याचं. म्हणजे शेवटी गरीब बहीण बाहेरच ना?

म्हापशेकार:
बाहेर पण रिकाम्या हाताने नाही. हाच फरक आहे.

कोर्टाचीपायरी:
गादीवाला, तुम्हाला ज्याची भीती आहे त्यावर आपल्या कायद्यातही सोय आहे. वारसा कायद्याचं कलम 22. वारसांपैकी एकाने धंद्यातला किंवा जागेतला आपला वाटा विकायचा ठरवला तर तो विकत घ्यायचा पहिला हक्क बाकी वारसांचा. किमतीवर जमलं नाही तर कोर्ट ठरवतं. दुकान अखंड ठेवायला आईची आणि बहिणींची सही फुकट घ्यायची गरज नाही. पैसे द्या, दुकान ठेवा. पेढी भागीदारीत आहे का तुमची?

गादीवाला:
वडील, मी आणि धाकटा. तिघांची भागीदारी.

कोर्टाचीपायरी:
मग वडिलांच्या भांडवल खात्याचा आणि पेढीच्या नावाचा हिशेब करून तो वारसांना द्यावा लागेल. हिशेब न करता तुम्ही दोघांनी धंदा चालू ठेवलात, तर भागीदारी कायद्याच्या कलम 37 प्रमाणे, उलट करार नसेल तर, वडिलांच्या वारसांना तेवढ्या काळाचा नफ्यातला हिस्सा किंवा 6 टक्के व्याज मागता येतं. जेवढा उशीर कराल तेवढं तुमच्यावरच चढेल.

गादीवाला:
आणि माझी इतकी वर्षं? बिनपगारी? त्याचं व्याज कोण देणार?

भुसारगल्ली:
हा तुमचा मुद्दा मला पटतो आणि तो कोणी मांडत नाही. बापाने जिवंतपणी तुम्हाला पगार लावायला हवा होता, नाहीतर दोन साक्षीदारांसमोर मृत्युपत्र करून दुकान तुमच्या नावावर ठेवायला हवं होतं. "सगळं तुझंच आहे" हे तोंडी बोलून चालत नाही. पण तुमची बिनपगारी वर्षं मोजायची तर मागच्या खोलीतल्या आईचीही मोजा.

गादीवाला:
आईला हयातीपर्यंत वरच्या मजल्यावर राहायचा हक्क लिहून देतो म्हटलंय मी. तिला अजून काय हवं?

भुसारगल्ली:
'हयातीपर्यंत' हे 1937 च्या देशमुख कायद्यात होतं! विधवेला मुलाइतका वाटा, पण फक्त जिवंत असेपर्यंत. तेव्हा ते मोठं पाऊल होतं. 1956 ला कलम 14 आलं आणि बाईची मालमत्ता पूर्ण मालकीची झाली. ती विकेल, दान करेल, नाहीतर लेकीला देईल. तुम्ही तिला तिच्याच घरात राहायची परवानगी देताय.

दोनघरची:
हे मात्र खरं. मी दिलं ते माझं होतं म्हणून दिलं. आईच्या नावावर काही झालंच नाही, तर ती देणार काय? पण तरी म्हणते, सगळ्यांना कोर्टाची भाषा शिकवू नका.

रविवारपेठ:
तेराव्याच्या आत नोटरीकडे केलेल्या कागदाचं काय मग? आमच्याकडे तर सगळे तसंच करतात.

कोर्टाचीपायरी:
जागा, घर, वखार यांचं हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. नुसत्या नोटरीच्या शिक्क्याने घरावरचा हक्क जात नाही. भुसारगल्ली, तुमच्या मावशीचा कागद नोंदवलेला होता का ते बघा.

भुसारगल्ली:
नोटरीचाच होता. मावसबहिणीला आजच फोन करते.

गादीवाला:
आमचा कागद उद्या नोंदवायचा होता. पुढे ढकलतोय. आईच्या वाट्याचं धाकट्याशी बोलतो, भांडवल खात्याचा हिशेब सीएकडून काढून घेतो. बहिणींचं कबूल केलेलं नाही, कोणी तसं समजू नये.

भुसारगल्ली:
हिशेब निघाला की एक प्रत आईच्या हातात द्या. मोठ्या अक्षरात.

वाडामालकीण:
आणि पावती माझ्यासारख्या मालकिणीला विचारल्याशिवाय बदलू नका. तो धागा मी काढलाय, या तिकडे.