प्रश्नकर्ता:
मदत हवी आहे: बुद्धिबळातल्या ‘चार घोड्यांच्या डावात’ (दोन्ही बाजूंचे दोन्ही घोडे आधी बाहेर काढणारी सुरुवात) काळ्याने पांढऱ्याच्या चालींची केलेली नक्कल नेमकी कुठे फसते?

१. ई४ ई५ २. घोडा एफ३ घोडा सी६ ३. घोडा सी३ घोडा एफ६ ४. उंट बी५ उंट बी४ ५. दोघांचं कॅसलिंग (राजा-हत्तीची एकत्र चाल) ६. डी३ डी६ ७. उंट जी५. आता काळ्याने ७... उंट जी४ केलं तर? इंजिन (चाली तपासणारा संगणक) पांढरा सरस म्हणतं, का ते सांगत नाही. आणि मग खेळायचं काय?

तिरकी चाल:
८. घोडा डी५ घोडा डी४ ९. घोडा×बी४ (× म्हणजे मारणं) घोडा×बी५ १०. घोडा डी५ घोडा डी४ ११. वजीर डी२. अजूनही ११... वजीर डी७ करून आरसा धरला, तर १२. उंट×एफ६ उंट×एफ३ १३. घोडा ई७ शह! शहाची नक्कल करता येत नाही, राजा हलवावा लागतो (वजिराने ई७ वर मारलं तर वजीरच जातो). १३... राजा एच८ १४. उंट×जी७ शह, राजा×जी७ १५. वजीर जी५ शह, राजा एच८ १६. वजीर एफ६ मात. ११... सी६ ने मात टळते, पण १२. घोडा×एफ६ शह ला जी-प्याद्यानेच मारावं लागतं (वजिराने मारलं तर वजीरच जातो) आणि राजासमोरची प्यादी फुटतात.

उंटवाला:
म्हणून ७... उंट×सी३. डी५ वर येणारा घोडाच गेला. ८. बी×सी३ वजीर ई७ ९. हत्ती ई१ घोडा डी८ १०. डी४ घोडा ई६, थेट जी५ च्या उंटावर. क्रम उलटा नको, वजीर हलल्याशिवाय डी८ मोकळं होत नाही.

८... घोडा ई७ दिसायला साधं, त्याने पिन (एफ६ चा घोडा हलला तर मागचा वजीर जातो, ही अडकण) सुटतेही, पण वजीर एफ६ राखू शकत नाही. १९३३ च्या लॉस एंजेलिसमधल्या कापाब्लांका-स्टायनर डावात ९. घोडा एच४ सी६ १०. उंट सी४ उंट ई६ ११. उंट×एफ६ जी×एफ६ १२. उंट×ई६ एफ×ई६ १३. वजीर जी४ शह असं झालं आणि सतराव्या चालीला कापाब्लांकाने (पांढरा) हत्ती एफ६ वर बळी दिला.

प्रश्नकर्ता:
१०... घोडा ई६ नंतर उंट एच४ ला नेला तर पिन टिकते ना?

उंटवाला:
टिकते, पण काळा घोडा एफ४ वर येऊन बसतो. म्हणून ११. उंट सी१: घरी परत, पण एफ४ वर नजर राहते.

तिरकी चाल:
एवढं पाठ करायचं नसेल तर चौथ्या चालीलाच आरसा फोडा: ४... घोडा डी४, रुबिनस्टाइनची चाल (स्पिलमनविरुद्ध, सॅन सेबॅस्टियन १९१२). ५. घोडा×ई५ ला वजीर ई७. ५. घोडा×डी४ ई×डी४ ६. ई५ डी×सी३ ७. ई×एफ६ वजीर×एफ६ ८. डी×सी३ वजीर ई५ शह, वजिरांची अदलाबदल होते आणि डाव समान. जिंकायचंच असेल तर मात्र हा फाटा फार कोरडा.