"मगरपट्टा सोडला तर सगळे शेतकरी रस्त्यावर आले": या पोस्टला उत्तर

हडपसरकर:
कालपासून एक पोस्ट फिरतेय, "पुण्याच्या शेतकऱ्याने जमीन विकली, फॉर्च्युनर घेतली, पाच वर्षांत रस्त्यावर आला, एक मगरपट्टा सोडला तर." सोडला तर म्हणजे काय, लॉटरी लागली का त्यांना? हडपसरच्या मगरपट्ट्यात साधारण १२० कुटुंबं, ४०० एकर, ऊस लावणारी माणसं. १९८२ च्या डीपीच्या, म्हणजे शहराच्या विकास आराखड्याच्या मसुद्यातच कळलं होतं की शहर अंगावर येतंय. सुट्टे गुंठे विकत बसण्यापेक्षा कंपनी काढली, ज्याची जेवढी जमीन तेवढे शेअर, स्वतःच टाऊनशिप उभी केली, आणि आज मधोमध २५ एकरची बाग आहे. बांधावरून डोकी फोडणारी भावकी एका कागदावर आणून दाखवा, मग पोस्टी टाका.

गुंठेवाले_नाना:
४०० एकर सलग असले की सुचतं सगळं. आमचे पावणेदोन एकर, त्यावर महापालिकेच्या गार्डनचं आरक्षण. ना घर बांधता येई ना बँक दारात उभं करी. लोक म्हणाले दहा वर्षं झाली की नगररचना कायद्याच्या कलम १२७ ची नोटीस द्या, जमीन घ्या नाहीतर आरक्षण सोडा म्हणून. तोवर वडील गेले. शेवटी जमीन देऊन टीडीआर, म्हणजे बदल्यात मिळणारा, विकता येणारा बांधकामाचा हक्क घेतला न् मोकळे झालो. आमच्या विहिरीवर आता लोखंडी जाळी आणि पाटी, "येथे बसू नये". मोटेचा दगड अजून आहे तिथं, पोरं त्यावर सेल्फी काढतात.

निवांत_पुणेकर:
पब्लिक गार्डन म्हणे! आमच्या टाऊनशिपच्या बागेत बाहेरच्याला वॉचमन विचारतो कुठल्या बिल्डिंगचे. आणि पार्किंगबद्दल तर बोलूच नका.

माहेरवाशीण:
नाना, तुम्ही टीडीआर घेतलात, बहिणींना काय मिळालं? आमच्याकडे लेआऊट मंजूर व्हायच्या आधी भावाने गाडी पाठवली, पुरणपोळी झाली, ओटी भरली आणि दुपारी रजिस्ट्रार ऑफिसात हक्कसोडपत्र. लग्न झालेल्या मुलीचाही वडिलोपार्जित जमिनीत हिस्सा आहे २००५ पासून कायद्याने, पण मागितला की माहेर तुटतं.

गुंठेवाले_नाना:
ताई, धागा जमिनीचा आहे. बहिणींची लग्नं काय हवेवर झाली का? तेव्हा हीच जमीन गहाण टाकलेली आम्ही.

माहेरवाशीण:
आणि सोडवलेत ना? मग त्याच जमिनीचा भाव गुंठ्यावर गेला तेव्हा बहीण कुठे आठवली? आजारपणात मात्र आईला माझ्याकडेच आणून सोडलं.

निवांत_पुणेकर:
घरचं घरी मिटवा हो.

माहेरवाशीण:
घरचंच आहे, म्हणून तर सातबाऱ्यावरून नाव उडतं.

हडपसरकर:
बरं ताई, तुमचं खरं, आम्ही सगळे भाऊ नालायक. पण ते मगरपट्ट्याच्या माथी नका मारू, मुद्दा एवढाच की एकत्र राहिले तर शेतकरी मालक राहतो.

माहेरवाशीण:
शेतकरी म्हणजे भाऊच ना? नाना, गप्प का? सही घेताना काय दिलंत?

गुंठेवाले_नाना:
पैठणी. येवल्याची, ओरिजिनल. दोघींनाही.