अल्ट-१ दाबलं आणि फोल्डर गेलं

खजिनदार: ऑफिसच्या कॉम्प्युटरवर फाइल एक्सप्लोररच्या वरच्या छोट्या पट्टीत कोणी हात घातलाय? रोजच्यासारखं 'पावत्या' फोल्डर निवडून अल्ट-१ दाबलं. प्रॉपर्टीज उघडायच्या ऐवजी फोल्डरच गायब! काढून टाकू का, असं विचारलंसुद्धा नाही.

सी-२०१: मी मागच्या सभेतच म्हणालो होतो, प्रत्येकाचं लॉगिन वेगळं करा.

डी-५०३: पावत्या गेल्या म्हणजे थकबाकीही गेली ना काका? 😄

खजिनदार: तुमची यादी छापील आहे.

सेक्रेटरी: कृपया शांतता राखावी. फोल्डर मिळालं का?

खजिनदार: रिसायकल बिनमध्ये होतं. कंट्रोल-झेडनं परत आलं. प्रश्न तो नाही. ज्यानं केलंय त्यानं सांगावं.

ए-४०२: काका, तिथे विंडोज १० आहे ना? पट्टीशेजारच्या लहान बाणावर क्लिक करा, यादी उघडेल. त्यात 'डिलीट'समोर खूण दिसतेय का?

खजिनदार: दिसतेय.

ए-४०२: मग हेच झालंय. मुळात तिथे प्रॉपर्टीज आणि न्यू फोल्डर एवढी दोनच बटणं असतात. अल्टचे आकडे डावीकडून मोजतात. डिलीट येऊन प्रॉपर्टीजच्या आधी बसलं, म्हणून अल्ट-१ त्याचं झालं आणि प्रॉपर्टीज दोनवर सरकलं. खूण काढा, पूर्ववत होईल.

बी-३०२ काकू: आमच्या मुलानं रविवारी ऑफिसातल्या जुन्या फाइल्स साफ केल्या. तुम्हीच सांगितलं होतं म्हणून. सुट्टीचा दिवस घालवला पोरानं. आभार तर लांबच.

खजिनदार: वहिनी, मी कोणाचं नाव घेतलेलं नाही.

बी-३०२ काकू: घ्यायची गरजच कुठे ठेवलीत.

बी-३०२ (ज्युनियर): सॉरी काका, मीच केलं. दीडशे फाइल्स उडवायच्या होत्या, माउसनं पटापट होतं. आकडे बदलतील हे लक्षातच नाही आलं.

सी-२०१: लॉगिन वेगळं असतं तर हे झालंच नसतं.

डी-५०३: काका, तुम्ही रोज प्रॉपर्टीज उघडून बघता तरी काय?

खजिनदार: आत किती फाइल्स आहेत ते. एक जरी कमी झाली तरी मला कळतं.

डी-५०३: 🙏

बी-३०२ (ज्युनियर): काका, प्रॉपर्टीजला अल्ट-एंटर वापरा. पट्टीत कोणी काहीही टाकलं तरी ते बदलत नाही. आणि विंडोज ११ घेतलं तर हा त्रासच नाही, त्यात ही पट्टीच काढून टाकलीय.

खजिनदार: म्हणजे माझी सोयही गेली. मग नकोच.

ए-४०२: पण काका, विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ लाच संपला. त्या मशीनवर सोसायटीचे हिशेब आहेत, याचा विचार करायला हवा.

सेक्रेटरी: हा विषय कमिटीच्या बैठकीत घेऊ.

सी-२०१: त्याच बैठकीत लॉगिनचाही घ्या.

सेक्रेटरी: साहेब, एका पट्टीसाठी चार लॉगिन?

ए-४०२: त्यांचं बरोबर आहे. ही पट्टी प्रत्येक युजरची वेगळी असते. आपण सगळे एकाच खात्यातून शिरतो, म्हणून एकाची सोय दुसऱ्याला भोवते.

सी-२०१: आठ महिने हेच सांगतोय. 🙂

सेक्रेटरी: बरं. शनिवारी तुम्ही आणि ज्युनियर मिळून खाती बनवा. आता ग्रुपवर फक्त सूचना टाका.

बी-३०२ काकू: शनिवारी त्याचा क्लास असतो.

खजिनदार: खूण काढली. अल्ट-१ ला प्रॉपर्टीज आलं. धन्यवाद ए-४०२. वहिनी, तुमच्या मुलालाही.

बी-३०२ काकू: ठीक आहे.

खजिनदार: आता वरची बटणांची अख्खी रिबनच दिसेनाशी झालीये. नुसती नावं उरलीत. कोण आलं होतं ऑफिसात?

ए-४०२: कंट्रोल-एफ१ दाबा काका. तुमचाच हात लागला असेल.

खजिनदार: आली.

सी-२०१: शनिवारी किती वाजता?