मदत हवी आहे: वॉशिंग मशीन सेन्सर एरर, अर्जंट!!

स्नेहल_जुळेसोलापूर
मशीन मध्येच बंद पडतंय आणि पीई दाखवतंय. बटण बंद करून परत चालू केलं की जरा वेळ चालतं, परत तेच. मेकॅनिक म्हणतो सेन्सर. कुणाला असं झालंय का, काय केलंत? कपड्यांचा ढीग पडलाय, सासूबाईंचे गुडघे दुखतात आणि मला सकाळी साडेआठला ऑफिस गाठायचं असतं. प्लीज लवकर सांगा.

होटगीरोड
फ्रंट लोड का टॉप लोड? किती जुनं? पाणी भरताना बंद पडतं का फिरताना? काहीच लिहिलं नाही तर काय सांगणार ताई.

शेंगाचटणी
सेमी ऑटोमॅटिक घ्या की. आमचं १४ वर्षं झालं चालू हाय, सेन्सरच नाही तर बिघडणार काय. बादलीनं पाणी ओतलं तरी चालतं, लाईट गेली तरी अडत नाही लई.

स्नेहल_जुळेसोलापूर
लाईट गेल्यावर सेमी ऑटोमॅटिक कसं चालतं दादा?? असो. टॉप लोड, ६ वर्षं झाली. फिरताना बंद पडतं.

मीटरवाला
पीई म्हणजे बहुतेक मशीनमध्ये पाण्याची पातळी कळेना. (कंपनीप्रमाणे कोड बदलतात, पुस्तिकेत बघा.) पण पातळी कळत नाही म्हणजे सेन्सरच गेला असं नव्हे. टबच्या खाली बाजूला एक हवेची डबी असते, तिथून बारीक पाईप वर सेन्सरला जातो. पाणी चढलं की पाईपमधली हवा दाबली जाते आणि सेन्सर तो दाब मोजतो. म्हणजे डबी, पाईप, सेन्सर, वायर, बोर्ड, यातलं काहीही असू शकतं. मेकॅनिक लोक थेट सेन्सर बदलतात कारण त्याचेच पैसे मिळतात.

स्मिता_अशोकचौक
आपल्याकडं बोअरच्या पाण्याचा क्षार बसतो. मी दर महिन्याला लिंबूसत्त्व टाकून रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवते, कधी प्रॉब्लेम नाही. करून बघा.

मीटरवाला
क्षार ड्रमला बसतो, त्या बारीक पाईपमध्ये पाणी चढतच नाही तर लिंबूसत्त्व तिथं पोचणार कसं?

स्मिता_अशोकचौक
पाच वर्षं करतेय, अनुभवाचं बोलतेय. डबीत तर पाणी येतं ना? मग झालं.

होटगीरोड
ड्रेन पाईप खाली जमिनीवर सोडलाय का? काही मशीनला तो उंच ठेवावा लागतो, नाहीतर भरता भरताच पाणी निघून जातं. आणि टाकी कुठं आहे? टाकी मशीनपेक्षा १० फूट उंच असली तरी दाब ०.३ बारच्या आसपासच मिळतो, त्यात फिल्टरच्या जाळीत गाळ बसला तर भरायलाच अर्धा तास.

स्नेहल_जुळेसोलापूर
टाकी स्लॅबवर आहे, भरायला काही अडचण नाही. पाईप जसा आधी होता तसाच आहे.

भुईकोट_८८
उजनी धरण भरलं तरी आम्हाला चार-पाच दिवसाआड पाणी, आणि इथं मशीनच्या प्रेशरची चर्चा चाललीय 😀 आमच्या गल्लीत तर नळाला पाणी आलं की बायका मशीनचा पाईप थेट नळाला लावतात.

सात_रस्ता
त्यात हिप्परग्याच्या तलावाचं पाणी कुणाला आणि उजनीचं कुणाला हेच कळत नाही, चवीवरून भांडणं होतात आमच्यात.

मीटरवाला
विषयावर या. स्नेहलताई, एक नीट बघून सांगा. पाणी भरून धुणं सुरू झाल्यावर मध्येच थोडं थोडं पाणी परत घेतं का?

स्नेहल_जुळेसोलापूर
हो!! बरोबर. दहा मिनिटांनी परत सर्रकन पाणी घेतं, मग परत. दोनदा तर एवढं घेतलं की पाणी टबच्या वरपर्यंत आलं. मला वाटलं टॉवेल जास्त झाले म्हणून.

मीटरवाला
मग हवा हळूहळू निसटतेय. मशीनला वाटतं पाणी कमी झालं, ते भरत राहतं. पाईप तडकलाय किंवा डबीकडचा जोड सैल असेल.

होटगीरोड
सेन्सरमध्ये फुंकून बघा, टक आवाज आला तर सेन्सर चांगला.

मीटरवाला
टक आवाज जुन्या स्विचला यायचा. हल्लीच्या तीन पिनवाल्याला आवाज येत नाही, त्यात दाबाप्रमाणे सिग्नलची फ्रिक्वेन्सी बदलते. आणि जोरात फुंकू नका, आतला पडदा फाटेल.

होटगीरोड
माझ्या मशीनला आला होता आवाज.

मीटरवाला
किती साली घेतलंय ते सांगा.

स्नेहल_जुळेसोलापूर
भांडू नका हो. एक राहिलं सांगायचं, सेन्सर १५ दिवसांपूर्वी बदलून पण झालाय, १८०० रुपये गेले. आता मेकॅनिक म्हणतो बोर्ड बदला. बोर्डाचे ५५०० सांगतोय.

मीटरवाला
हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहायचं ना ताई! कधीपासून सुरू झालं?

स्नेहल_जुळेसोलापूर
दिवाळीच्या रंगकामाला मशीन गॅलरीत ढकललं होतं त्यानंतर.

शेंगाचटणी
गॅलरीत उंदीर. शंभर टक्के उंदीर. खालची जाळी बसवली का परत?

मीटरवाला
उंदीर असेल नाहीतर ढकलताना पाईप खाचेतून निसटून टबला घासत असेल. प्लग काढा, टब पूर्ण रिकामा करा (पाणी असताना पाईप काढून परत लावलात तर पातळी चुकीची मोजली जाते), मागची पत्र्याची प्लेट उघडा आणि पाईप खालून वरपर्यंत बोटांनी चाचपा.

नवीपेठ_वहिनी
सोलापुरी चादरीचा रंग दुसऱ्या कपड्यांना लागतो, त्याला काय करावं?

स्मिता_अशोकचौक
वेगळी धुवा वहिनी, पहिल्या दोन धुण्यांना थंड पाण्यात.

स्नेहल_जुळेसोलापूर
उघडलं! उंदीर नाही. पाईप खाचेतून बाहेर आलेला, टबला घासून वरच्या टोकाजवळ मोहरीएवढं भोक. आणि डबीच्या तोंडाशी टॉवेलच्या रुईचा लगदा, करड्या रंगाचा, वासानं नको नको झालं. आता काय करू, चिकटपट्टी लावू का?

होटगीरोड
माशांच्या टाकीचा पाईप मिळतो, तो बसतो.

मीटरवाला
तो कडक होऊन सुटतो पुढं. चिकटपट्टी पण नको. भोक वरच्या टोकाला आहे ना, मग पाईपचा तेवढा दोन बोटांएवढा तुकडा कापून टाका, उरलेला परत सेन्सरला घट्ट बसवा, ताण नसला पाहिजे. लगदा काढा आणि पाईप खाचेत अडकवा.

स्नेहल_जुळेसोलापूर
झालं. कापला, बसवला, सहा टॉवेल टाकून पूर्ण धुऊन निघाले, एकदाही जास्तीचं पाणी घेतलं नाही. सासूबाई येऊन बघून गेल्या दोनदा. मीटरवाला दादा, खरंच आभार.

सात_रस्ता
ताई, जुना सेन्सर आहे का? फेकू नका, माझ्या मशीनला लागेल.

स्नेहल_जुळेसोलापूर
तो मेकॅनिक घेऊन गेला. खराब आहे, तुम्हाला काय करायचाय म्हणाला.

शेंगाचटणी
अय्यो. तो आता दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनमध्ये १८०० ला बसलाय बघा.