सडपातळ माणसाला मधुमेह कसा होतो, आणि आपोआप उतरलेले वजन चांगले की वाईट?

इंदिरानगरकर (नाशिक)

सर्वांना नमस्कार. माझे यजमान 46 वर्षांचे असून अंबडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात तपासणी विभागात काम करतात. त्यांची उंची 168 सेंटिमीटर आहे आणि वजन 62 किलो. गेल्या महिन्यात कारखान्याच्या वार्षिक आरोग्य तपासणीत त्यांची उपाशीपोटीची साखर 148 आली आणि तीन महिन्यांची सरासरी सांगणारे एचबीएवनसी 7.8 टक्के आले. डॉक्टरांनी रक्त पुन्हा तपासून मधुमेहाचे निदान पक्के केले आणि गोळी सुरू केली.

घरात मात्र हे निदान कोणालाच पटलेले नाही. सासूबाईंचे म्हणणे असे की, ज्याच्या अंगावर मांस नाही त्याला कसली शुगर, लॅबवाल्यांनीच कोणाचे तरी रक्त बदलले असेल, आणि एकदा गोळी सुरू केली की ती जन्माची मागे लागते, तेव्हा ती आजच बंद करावी. माझ्या सासऱ्यांनाही शेवटची काही वर्षे ‘थोडी शुगर’ होती, पण तेही अंगाने किडकिडीत असल्यामुळे तो मधुमेह घरात कोणी कधी जमेसच धरला नाही. दुसरीकडे माझ्या जाऊबाईंचे वजन 84 किलो आहे. प्रत्येक लग्नकार्यात त्यांच्या ताटातली जिलेबी कोणीतरी उचलते आणि ‘आता शुगर तुलाच होणार’ असे सगळ्यांदेखत ऐकवते. त्यांची उपाशीपोटीची साखर 92 आणि एचबीएवनसी 5.4 आहे. त्या काही बोलत नाहीत, पण मला ते पाहवत नाही.

माझी खरी अडचण पुढची आहे. निदान होण्याआधीच्या चार महिन्यांत यजमानांचे वजन 67 वरून 62 किलोवर आले होते. तेव्हा त्यांनी आहारात काही बदल केला नव्हता आणि गोल्फ क्लब मैदानावर सकाळी चालायला तर ते आता आता जाऊ लागले आहेत. कारखान्यातले सहकारी या उतरलेल्या वजनाबद्दल त्यांचे अभिनंदन करतात, तर सासूबाई त्यांना डिंकाचे लाडू खाऊ घालून वजन भरून काढायला निघाल्या आहेत. वजन आणखी उतरू द्यावे, की वाढवावे, की त्याकडे पाहूच नये, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

फिजिशियन, गंगापूर रोड

ताई, लॅबने रक्त बदलल्याची शंका आधी बाजूला ठेवू या. उपाशीपोटी 126 किंवा अधिक, अथवा एचबीएवनसी 6.5 टक्के किंवा अधिक, ही मधुमेहाच्या निदानाची मान्य रेषा आहे. आपल्या यजमानांचे दोन्ही आकडे तिच्या पुढे आहेत आणि तपासणी पुन्हा करूनही तेच निघाले आहे. त्यामुळे गोळी स्वतःहून बंद करू नये.

सडपातळ माणसाला मधुमेह होत नाही, हा समज आपल्याकडे इतका घट्ट का बसला आहे, हे मला समजते, कारण पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांकडे पाहून लिहिलेली वर्णने आपण अनेक वर्षे जशीच्या तशी वाचत आलो. या समजाला सर्वांत नेमके उत्तर पुण्यातून मिळाले आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एकत्र छायाचित्र 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, म्हणजे बीएमआय, दोघांचाही तंतोतंत 22.3 होता, परंतु शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात 9.1 टक्के तर याज्ञिक यांच्यात 21.2 टक्के होते. आपल्या यजमानांचा निर्देशांक आज साधारण 22 येतो, म्हणून हे उदाहरण मुद्दाम दिले. वजनकाटा स्नायू आणि चरबी यांत भेद करत नाही, आणि ती चरबी त्वचेखाली आहे की यकृतात आणि आतड्यांभोवती, हे तर तो मुळीच सांगत नाही. मधुमेहाच्या दृष्टीने खरा प्रश्न तोच असतो, कारण पोटातल्या आणि यकृतातल्या चरबीमुळे इन्शुलिनचा परिणाम बोथट होतो, आणि स्नायू कमी असल्यास जेवणानंतर रक्तात आलेली साखर सामावून घ्यायला शरीरात जागाही कमी पडते.

याची सुरुवात आईच्या पोटातच होते, असे मानायला आधार आहे. पुणे जिल्ह्यातील सहा गावांत 1993 पासून गरोदर स्त्रिया आणि त्यांच्या मुलांचा अभ्यास सुरू झाला. तिथल्या नवजात बाळांचे सरासरी वजन सुमारे 2.7 किलो होते, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचे सुमारे 3.5 किलो. आपली बाळे स्नायूंनी आणि पोटातल्या अवयवांनी लहान भरली, पण त्वचेखालची चरबी मात्र त्यांनी त्या मानाने राखून ठेवली होती. हाडापेराने बारीक आणि आतून चरबी बाळगणारा, हा आपल्याकडचा सर्रास दिसणारा बांधा आहे. त्यात वडिलांचा मधुमेह मिळाला, म्हणजे ‘आमच्या घराण्यात कोणी जाड नाही’ या वाक्याचा आधार उरत नाही.

म्हणून वजनापेक्षा कंबरेचा घेर मोजावा. पॅन्टचा नंबर त्यासाठी धरू नये, कारण पोट सुटलेले बहुतेक पुरुष पट्टा पोटाच्या खाली बांधतात आणि वर्षानुवर्षे 32 नंबरचीच पॅन्ट वापरतात. शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाचा वरचा काठ यांच्या बरोबर मध्ये, कपडा बाजूला करून, पोट आत न ओढता, सहज श्वास सोडल्यावर टेप धरावी. भारतीय पुरुषात 90 सेंटिमीटर आणि स्त्रीत 80 सेंटिमीटर ही सावध होण्याची मर्यादा आहे. बीएमआयची मर्यादाही आपल्यासाठी 25 नसून 23 धरली जाते.

आता उतरलेल्या वजनाबद्दल, आणि हा भाग कृपया काळजीपूर्वक वाचावा. रक्तातली साखर साधारण 180 च्या पुढे गेली की ती लघवीतून बाहेर पडू लागते आणि खाल्लेले अंगी लागत नाही. इन्शुलिन अपुरे पडले की शरीर स्वतःची चरबी आणि स्नायू मोडून गरज भागवते. अशा रीतीने उतरलेल्या वजनाचे अभिनंदन होते, हे मला फार खटकते, कारण त्या कौतुकात रुग्णाचे महिने वाया जातात. आपल्या यजमानांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट लक्षात आली. एचबीएवनसी 7.8 म्हणजे सरासरी साखर 177 च्या आसपास. एवढ्या साखरेला, काहीही न करता, चार महिन्यांत पाच किलो उतरणे मला थोडे जास्त वाटते. घाबरण्याचे कारण नाही, परंतु आपल्या डॉक्टरांना ही गोष्ट आवर्जून सांगावी, म्हणजे ते सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्शुलिन बनवते ते दाखवणारी) आणि जीएडी अँटिबॉडी (प्रतिकारशक्ती स्वादुपिंडावर उलटली आहे का ते दाखवणारी) या रक्ताच्या चाचण्या, थायरॉइडची तपासणी आणि स्वादुपिंडाची प्रतिमा यांपैकी काय आवश्यक आहे ते ठरवतील. मध्यम वयात हळूहळू सुरू होणारा, प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून आलेला मधुमेह सडपातळ लोकांत सापडतो आणि त्याचे उपचार वेगळे असतात. कुपोषणाशी जोडलेला मधुमेहही असतो. आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने 2025 साली त्याला ‘टाइप 5’ म्हणून मान्यता दिली.

एका टाइप वन मुलाची आई, नाशिकरोड

डॉक्टरांनी कौतुकाबद्दल लिहिले ते वाचून मला राहवले नाही. माझा मुलगा अकरा वर्षांचा असताना एकाएकी वाळू लागला. सगळे म्हणत होते की, आता तो उंचीला लागला आहे, म्हणून बारीक दिसतो. तो रात्री उशाशी पाण्याची बाटली घेऊन झोपत असे आणि पहाटेपर्यंत ती रिकामी झालेली असे. शाळेत जाताना त्याच्या चड्डीला सुतळी बांधावी लागू लागली, तेव्हाही आम्हाला मधुमेह सुचला नाही, कारण मधुमेह म्हणजे जाड आणि वयस्क माणसाचा आजार, असेच आमच्या डोक्यात होते. शेवटी उलट्या आणि धाप लागून त्याला अतिदक्षता विभागात ठेवावे लागले.

टाइप वनमध्ये शरीराची प्रतिकारशक्ती स्वादुपिंडातल्या इन्शुलिन तयार करणाऱ्या पेशीच नष्ट करते. त्याचा गोड खाण्याशी किंवा वजनाशी संबंध नसतो. तरी आजही ‘लहानपणी फार लाड केलेत’ असे आम्हाला ऐकवले जाते. 1922 मध्ये टोरंटोला एका 14 वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्शुलिन टोचले गेले, त्याआधी अशी मुले वाचतच नसत. आमच्या मुलाला इन्शुलिन सुरू झाल्यावर दोन महिन्यांत त्याचे गाल भरले, तर नातेवाइकांनी ‘ही इन्शुलिनची सूज आहे, बंद करा’ असा सल्ला दिला. ती सूज नव्हती. त्याचे स्वतःचे, हक्काचे वजन परत आले होते. ताई, आपल्या यजमानांना तहान, वारंवार लघवी, थकवा यांपैकी काही जाणवते का, ते नक्की विचारा.

पंचवटीतील एक वाचक

चर्चा उपयुक्त आहे, परंतु यातून मला एक प्रश्न पडला. माझे वजन 91 किलो आहे आणि आजवर साखर कधी वाढलेली नाही. सडपातळ माणसाला मधुमेह होतो आणि जाऊबाईंना होत नाही, तर मग वजनाचा मधुमेहाशी काहीच संबंध नाही, असे समजावे का?

आहारतज्ज्ञ, कॉलेज रोड

तसे समजू नये, आणि हा प्रश्न विचारलात हे बरे झाले, कारण एका गैरसमजातून निघून माणूस दुसऱ्यात अडकतो. वजन वाढले की धोका निश्चित वाढतो. मात्र तो प्रत्येकाचा सारख्याच वजनाला वाढत नाही. ब्रिटिश संशोधक रॉय टेलर यांनी मांडलेली कल्पना अशी की, त्वचेखाली किती चरबी सुरक्षितपणे साठवता येईल याची प्रत्येक शरीराची स्वतःची मर्यादा असते आणि ती ओलांडली की उरलेली चरबी यकृतात आणि स्वादुपिंडात जाते. कोणाची मर्यादा 60 किलोला ओलांडली जाते, तर कोणाची 90 किलोलाही नाही. त्यांनी सर्वसाधारण वजनाच्या 20 मधुमेही व्यक्तींचे वजन देखरेखीखाली कमी केले, तेव्हा त्यांतल्या 14 जणांची साखर औषधाविना मधुमेहाच्या रेषेखाली आली. अभ्यास लहान आहे, तरी दिशा दाखवणारा आहे. अधिक वजनाच्या आणि निदान होऊन सहा वर्षे न झालेल्या रुग्णांवरच्या त्यांच्याच मोठ्या अभ्यासात पहिल्या वर्षाअखेर 46 टक्के लोकांना हे साधले होते.

ज्यांना मधुमेह अजून झालेला नाही पण साखर सीमारेषेवर आहे, त्यांच्याबद्दल दोन अभ्यास शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत. अमेरिकेत 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात 7 टक्के वजन घटवण्याचे आणि आठवड्याला 150 मिनिटे व्यायामाचे उद्दिष्ट दिल्याने मधुमेह होण्याचा धोका 58 टक्क्यांनी कमी झाला. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या 2006 च्या भारतीय अभ्यासात आहार आणि व्यायामामुळे धोका 28.5 टक्क्यांनी घटला, आणि तोही सहभागींच्या वजनात फारसा फरक न पडता. म्हणजे काटा हलला नाही म्हणून चालणे सोडणाऱ्या माझ्या कित्येक रुग्णांचा निष्कर्ष चुकीचा असतो. फायदा आत चालू असतो. पंचवटीच्या वाचकांनी आपला घेर मोजावा आणि साखर ठरावीक काळाने तपासत राहावे.

मूळ प्रश्नाकडे वळते. यजमानांना उपाशी ठेवू नये आणि लाडवांनी भरूही नये. उपचारांनी साखर ताब्यात आली की लघवीवाटे जाणारी ऊर्जा थांबते आणि वजन थोडे आपोआप सावरते. ते चरबीच्या रूपात परत येऊ नये, यासाठी प्रत्येक जेवणात डाळ, उसळ, दही, अंडी किंवा मासे असावेत आणि चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन वेळा स्नायूंना ताण देणारा व्यायाम असावा, मग त्या साध्या उठाबशा असल्या तरी चालतील. भाकरी कितीही खाल्ली तरी चालते, हे खरे नाही. बाजरीच्या भाकरीतही पिष्ट असतेच, त्यामुळे ती मोजून खावी. आणि आपल्या नाशिकचा खास समज म्हणजे आंबट द्राक्षांना पथ्य नसते. द्राक्षाची चव आम्लावरही अवलंबून असते. विक्रीला येणाऱ्या 100 ग्रॅम द्राक्षांत साधारण 15 ग्रॅम शर्करा असते आणि तेवढ्याच बेदाण्यांत ती 60 ग्रॅमच्या घरात जाते. निफाडहून पाहुणे पेटी घेऊन आले, तर दहा-बारा मणी खावेत आणि बाकीची पेटी शेजारी वाटून टाकावी.

इंदिरानगरकर

सर्वांचे मनापासून आभार. सांगितल्याप्रमाणे टेप लावून पाहिली. यजमानांचा घेर 93 सेंटिमीटर निघाला, आणि त्यांची पॅन्ट खरोखरच 32 नंबरची आहे. रात्री दोन-तीनदा लघवीला उठतात, हेही विचारल्यावरच त्यांनी सांगितले. सासूबाईंनी आकडा स्वतः पाहिला आणि गोळीचा विषय तूर्त तरी सोडला आहे. त्यांची स्वतःची साखर मात्र आजवर एकदाही तपासलेली नाही. त्यांना आणि माझ्या धाकट्या दिरांनाही तपासायला सांगावे का? दीरही सडपातळच आहेत.

फिजिशियन, गंगापूर रोड

दोघांनाही अवश्य सांगावे. दिरांच्या बाबतीत वडील आणि भाऊ दोघांना मधुमेह असल्याने उशीर करू नये. शासनाच्या कार्यक्रमात 30 वर्षांवरील प्रत्येकाची मधुमेह आणि रक्तदाबाची तपासणी आरोग्य केंद्रात विनामूल्य होते. त्यासाठी आशाताई घरी येऊन जो अर्ज भरतात, त्यात वय, कंबरेचा घेर, व्यायाम, तंबाखू, दारू आणि घरातला मधुमेह यांना गुण दिलेले असतात. वजनाला त्यात गुण नाहीत. सासूबाईंना पंडुरोग असेल तर एकट्या एचबीएवनसीवर विसंबू नये, कारण लोहाच्या कमतरतेत तो आकडा फसवा येऊ शकतो. त्यांची उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची साखर पाहावी. यजमानांच्या पुढच्या भेटीत 93 हा घेर, रात्रीची लघवी आणि चार महिन्यांतले पाच किलो, या तिन्ही गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात.