घर दोन तासांत बसतं, राहायला वेळ लागतो
कारखान्यात बनवलेलं तयार घर घेऊन ट्रेलर सकाळी आला तर संध्याकाळी राहायला जाता येईल का, असं एकाने विचारलंय. जळगाव जिल्ह्यात रावेरकडच्या आमच्या मळ्यात ४० फुटी तयार घर बसवलं, त्यावरून सांगतो. क्रेनने उचलून पायावर ठेवायला दोनच तास लागले. खरं काम त्याआधीचं. आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. म्हणून काँक्रीटचे खांब मुरूम लागेपर्यंत खाली न्या आणि सगळ्यांची पातळी पाण्याच्या नळीने स्वतः तपासा. आमचा एक कोपरा बोटभर खाली राहिला, तर दार चौकटीत अडकायला लागलं. खाली लोखंडी पट्टी सरकवली तेव्हा कुठे सुटलं.

केळीच्या बागेतून ट्रेलर वळेल का, वर विजेची तार आहे का, तेही आधी बघा. सांधे बुजवणं, अर्थिंग, नळजोडणी, शोषखड्डा यात पुढे १५ दिवस गेले.

आणि हात जोडून सांगतो, भिंतीतल्या पफवर (उष्णता अडवणाऱ्या फोमवर) पैसे वाचवू नका. मे महिन्यात इथं पारा ४५ च्या घरात जातो. छतावर फूटभर उंच दुसरं छप्पर घ्या, मधून वारा खेळू द्या.